वाळूत जपानी किल्ला करायचाय? पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी सगळं सविस्तर

सगळ्यात आधी एक गोष्ट सांगते, तोरीपासून सुरुवात करू नका. जपान म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यासमोर ती लाल कमान येते, देवळाबाहेरची, दोन खांब आणि वर आडवे दोन वासे, आणि दिसायला इतकी सोपी वाटते की चला हेच करू असं वाटतं. मीही पहिल्या वेळी तेच केलं होतं. खांब छान उभे राहिले, वरचा वासा कोरत कोरत खालची वाळू काढली आणि मधोमध कडकन तुटून सगळं खाली आलं. ओली वाळू वरून येणारं वजन मस्त पेलते पण ताण अजिबात सहन करत नाही, आणि आडव्या वाशाच्या पोटाला ताणच बसतो. वाळूचे कण एकमेकांना धरून असतात ते त्यांच्यामधल्या पाण्याच्या बारीक थेंबांमुळे, दुसरं काहीही नसतं त्यात. त्यामुळे खाली रुंद, वर निमुळतं, असा आकार वाळूला आवडतो.

आणि असा आकार जपानी परंपरेत शोधायला गेलं तर पहिला नंबर किल्ल्याचा. जपानी किल्ल्याचा मधला उंच मनोरा असतो ना, तेन्शु म्हणतात त्याला, तो दगडी चौथऱ्यावर उभा असतो आणि त्या चौथऱ्याच्या भिंती सरळ नसतात, खाली पसरट आणि वर जाता जाता उभ्या होत जातात, उघडलेल्या जपानी पंख्याच्या कडेसारखा बाक असतो. कुमामोतोच्या किल्ल्याची ही दगडी भिंत तर प्रसिद्धच आहे, मुशा-गाएशी म्हणतात, म्हणजे योद्ध्याला परतवणारी, कारण सुरुवातीला चढणारा सहज चढतो आणि वर गेल्यावर भिंत एकदम उभी होते. हाच बाक वाळूला टिकवतो. म्हणून माझं ठाम मत आहे की नवख्या माणसाने किल्लाच करावा.

तसं जपानमध्ये वाळूला आकार देणं फार जुनं आहे. क्योतोच्या कामिगामो देवळात वाळूचे दोन शंकू असतात, टोकावर पाइनच्या सुया खोचलेल्या, आणि देव जिथे उतरला त्या डोंगराचं ते रूप मानतात. क्योतोच्याच गिंकाकुजी या बौद्ध मंदिरात वरून सपाट कापलेल्या शंकूसारखा वाळूचा ढीग आहे, माणसाच्या उंचीएवढा. कागावा भागातल्या कानोंजी गावात तर वाळूत कोरलेलं अवाढव्य नाणं आहे, पूर्व-पश्चिम १२२ मीटर आणि दक्षिणोत्तर ९० मीटर, टेकडीवरून बघितलं की गोल दिसतं. आणि आजच्या काळातलं बघायचं असेल तर तोत्तोरीचं वाळूशिल्पांचं म्युझियम, जिथे दर प्रदर्शनाला वेगळा देश किंवा प्रदेश घेतात, २०१९ ला दक्षिण आशिया होता आणि २०२५ ला खुद्द जपान. प्रदर्शन संपलं की शिल्पं मोडून तीच वाळू पुन्हा वापरतात. जमलं तर एकदा जाऊन या, फक्त बाहेरच्या वाळूच्या टेकड्यांवर प्रयोग करू नका, तो नॅशनल पार्कचा भाग आहे, तिथली वाळू न्यायला मनाई आहे आणि टेकड्यांवर मोठ्ठी अक्षरं वगैरे रेखाटायलाही मनाई आहे.

आपण लहानपणी दिवाळीत किल्ला केलेला असतो त्यामुळे हात शिवशिवतात, पण इथे एक सवय मोडावी लागते. दिवाळीचा किल्ला आपण माती लावत लावत वर चढवतो. वाळूशिल्पात लावायचं काहीच नाही, आधी घट्ट ठोकळा करायचा आणि मग वरून खाली काढत यायचं. मला हे पटायला दोन वीकेंड गेले. कुजुकुरीच्या किनाऱ्यावर, हा चिबाकडचा लांबच लांब सरळ किनारा, आम्ही तोक्योवरून सकाळी निघून तिथे जातो, तिथे रोज फिरायला येणारे एक आजोबा माझी धडपड बघत होते, ते शेवटी जवळ आले आणि हाताने फक्त वरून खाली अशी खूण केली, "उएकारा, उएकारा." वरून, वरून. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला.

काय काय लागतं

महाग काही नाही. ४५ लिटरचा प्लास्टिकचा कचऱ्याचा डबा, तळाकडे निमुळता होणारा, आणि एक १०-१२ लिटरची बादली, दोन्हीचे तळ कापून काढायचे (करवतीने कापा, कटरने हात कापतो). पाणी आणायला आणखी दोन बादल्या. फावडं, चांगलं लांब दांड्याचं, खेळण्यातलं नको. ठोकायला लाकडाचा जाड ओंडका, आपल्याकडे धुम्मस असतं ना तसलं छोटं काहीतरी. बाकी सगळं शंभर येनच्या दुकानात मिळतं: गवंड्याची छोटी थापी, केकवर क्रीम लावायची लवचिक सुरी, बांबूच्या काड्या, आइस्क्रीमच्या सपाट काड्या, मऊ ब्रश, पाण्याचा स्प्रे, स्ट्रॉ. स्ट्रॉ कशाला असं वाटेल पण तिच्यासारखं साधन नाही, कोरताना पडलेला भुगा फुंकून काढायला तीच, बोट लावलंत तर कोपरा गेला. एक जाड पुठ्ठाही घ्या, भिंतीचा बाक तपासायला लागेल. आणि टोपी, पाणी, गुडघ्याखाली टाकायला काहीतरी मऊ.

जागा, वेळ आणि वाळूची परीक्षा

भरतीची वेळ आदल्या दिवशीच बघून ठेवा. किनाऱ्यावर भरतीने आणलेल्या शेवाळाची आणि शिंपल्यांची एक रेघ दिसते, तिच्या वरच्या बाजूला चार-पाच पावलं जागा धरायची, फार वर गेलात तर पाणी आणून आणून दमाल. मे आणि ऑक्टोबर हे महिने मला सगळ्यात बरे वाटतात. जुलै-ऑगस्टमध्ये पोहायला गर्दी असते, ऊन असं असतं की वाळू हातात वाळते, आणि टायफूनचा इशारा असेल तर समुद्राकडे फिरकूच नका.

वाळू कशी आहे ते बघायचं सोपं आहे. ओलसर वाळूची मूठ दाबून लाडू वळा आणि तळहातावर हळूच इकडून तिकडे लोळवा, फुटला नाही तर कामाची. कण टोकदार असतील आणि थोडा बारीक गाळ मिसळलेला असेल तर वाळू छान धरते, कण गोल गुळगुळीत असतील तर कितीही पाणी घाला, घसरणारच. वरची कोरडी पांढरट वाळू बाजूला सारा, खालची ओली घ्या. शिंपल्यांचे तुकडे जास्त असतील तर वरच्या बादलीपुरती तरी वाळू चाळून घ्या, नाहीतर छप्पर कोरताना सुरी एखाद्या शिंपल्याला अडते आणि तो निघताना अर्धं छप्पर घेऊन येतो.

पायरी १: ठोकळा

हा भाग कंटाळवाणा आहे आणि इथेच सगळं ठरतं, दिवसाचा निम्मा वेळ यातच गेला तरी चालेल. आधी साधारण सव्वा मीटर रुंद आणि २० सेंटीमीटर उंच असा वाळूचा ओटा करा, भरपूर पाणी ओता आणि पायाने नाचून नाचून दाबा, मुलं बरोबर असतील तर हे काम त्यांचं. त्यावर मधोमध मोठा डबा ठेवायचा, उलटा, म्हणजे रुंद तोंड खाली आणि कापलेला तळ वर. उलटा का, तर नंतर वर उचलून काढता येतो, सुलटा ठेवलात तर अडकतो.

आता आत १० सेंटीमीटर वाळू, त्यावर अर्धी बादली पाणी, हाताने कालवा म्हणजे हवेचे बुडबुडे निघतील, मग ओंडक्याने ठोका. ठोकताना सुरुवातीला भद्भद आवाज येतो आणि नंतर टणक येतो, तो बदलला की पुढचा थर. पाणी जास्त होईल म्हणून घाबरू नका, जास्तीचं पाणी खालून निघून जातं आणि जाताना कणांना जवळ आणून बसवतं. कमी पाण्यात मात्र आत कोरडे कप्पे राहतात आणि ते नेमके कोरताना सापडतात. डबा भरला की त्यावर बादली, तीही उलटी, पुन्हा तसंच. दाबलेली ओली वाळू लिटरला साधारण २ किलो भरते, म्हणजे त्या मोठ्या डब्यात ८०-९० किलो वाळू असते, तेव्हा भरलेला डबा सरकवायचा विचारसुद्धा करू नका, जागा आधीच नक्की करा.

भरून झालं की २० मिनिटं काही करायचं नाही. पाणी निथळू दे. आम्ही या वेळात ओनिगिरी, म्हणजे भाताचे गोळे, खातो, चहा पितो.

पायरी २: गोलाचा चौकोन

फक्त वरची बादली काढा. बाहेरून थापटी मारत हलकेच गोल फिरवून सरळ वर उचला. खालचा डबा तसाच राहू दे, तो आतली वाळू ओली ठेवतो आणि वरून पडणाऱ्या भुग्याने खालचं काही बिघडत नाही.

आता तुमच्यासमोर गोल ठोकळा आहे आणि किल्ला चौकोनी पाहिजे. वरून बघा आणि काडीने चार कोपरे मारा. गोलातून चौकोन काढला की बाजू बरीच कमी होते, २६ सेंटीमीटर व्यासाच्या गोलातून जेमतेम १८ चा चौकोन निघतो आणि ४० च्या गोलातून २८ चा. हा हिशोब आधी केला नाही तर मनोरा बारका झाला म्हणून नंतर हळहळ होते. चारही बाजू थापीने वरून खाली उभ्या तासा, आणि दर थोड्या वेळाने उठून लांब जाऊन बघा, जवळ बसून कितीही नीट केलं तरी एक बाजू तिरकी होतेच.

प्रमाण काय ठेवायचं? हिमेजीचा किल्ला, १६०९ मध्ये पूर्ण झालेला, १९९३ पासून वर्ल्ड हेरिटेज यादीत असलेला, त्याचा दगडी चौथरा साधारण १५ मीटर आणि वरची इमारत साडेएकतीस मीटर, म्हणजे एकास दोन. ते प्रमाण डोळ्याला फार सुंदर वाटतं पण वाळूत पहिल्यांदा करताना मी म्हणेन चौथरा निम्मा ठेवा, निम्म्यात मनोरा. चौथरा जितका भरदार तितकं पोट शांत राहतं, कोसळायची भीती कमी. छपरंही हिमेजीसारखी पाच नकोत, तीन पुष्कळ झाली, दोन बादलीच्या वाळूत आणि तिसरं डब्याच्या वरच्या भागात.

पायरी ३: छप्पर, म्हणजे सगळा जीव इथे आहे

जपानी छप्पर सरळ उतरत नाही, खालच्या कडेला किंचित वर वळतं आणि कोपऱ्यांना तर जास्तच. हा बाक आला की लांबूनसुद्धा जपानी वाटतं, नाही आला तर कौलारू घर. म्हणून इथे घाई नको.

सगळ्यात वरच्या छपराला आधी मधली आडवी कड ठेवा, ८-१० सेंटीमीटर लांब. तिच्या दोन्ही टोकांना शाचिहोको असतात, वाघाचं डोकं आणि माशाचं शरीर असलेला प्राणी, शेपटी वर केलेला, आगीपासून इमारत वाचवतो अशी समजूत. तुम्ही फक्त दोन छोटे उंचवटे सोडून द्या, शेपटी कोरायला जाल तर उडेल. मग लवचिक सुरीने दोन्ही बाजूंनी उतार काढा, एका फटक्यात नाही, कागदाइतके पातळ पदर काढत. आणि एक नियम लक्षात ठेवा, सुरी नेहमी कडेकडून आत चालवायची, आतून कडेकडे ढकलली की कोपरा तुटतो, दरवेळी तुटतो.

छपराच्या कडेच्या खाली आता भिंत आत घ्यायची. किती आत? एक, फार तर दीड सेंटीमीटर. जास्त बाहेर आलेली कड तोरीच्या वाशासारखीच तुटते. पण दीड सेंटीमीटरसुद्धा पुरतं, कारण डोळ्याला छप्पर दिसतं ते त्याच्या सावलीमुळे, खालून तिरका काप देऊन कडेखाली गडद सावली आणा, बघा कसं एकदम उठून दिसतं.

भिंत ५-६ सेंटीमीटर, मग दुसरं छप्पर, पहिल्यापेक्षा मोठं. या दुसऱ्या छपराच्या मधोमध त्रिकोणी डोकं असतं, चिदोरी-हाफु म्हणतात, ते हवं असेल तर उतार काढताना तिथे वाळूचा गोळा आधीच सोडून ठेवायला पाहिजे. विसरलात तर विसरा, मागाहून चिकटवलेला त्रिकोण वाळला की गळून पडतो.

कौलांसाठी बांबूची काडी घेऊन कडेपासून वर मधल्या कडेकडे समांतर रेघा मारा, दोन रेघांत एक सेंटीमीटर अंतर पुरे. खिडक्या आइस्क्रीमच्या काडीने आत दाबायच्या, त्यातही रांगेत दोन-दोन, फार नकोत. हिमेजीच्या भिंती पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्याच्या, सपाट, स्वच्छ आहेत, तेव्हा भिंत रिकामी ठेवायला कचरू नका, ओल्या ब्रशने गुळगुळीत करून सोडून द्या.

या सगळ्यात दर दहा मिनिटांनी स्प्रे मारत राहा. नेम धरून जवळून मारलात तर खड्डे पडतात, हवेत वर मारा आणि दव पडल्यासारखं खाली बसू दे. वाऱ्याच्या बाजूची भिंत आधी वाळते, तिच्याकडे जास्त लक्ष.

पायरी ४: दगडी चौथरा

आता मोठा डबा काढा, सरळ वर, दोघं मिळून, आणि मनोऱ्याला धक्का लागू न देता. या क्षणी माझ्या अजूनही छातीत धडधडतं. डब्याच्या वरच्या भागातलं तिसरं छप्पर आणि त्याखालची भिंत आधी कोरून घ्या आणि तिथून खाली चौथरा.

पुठ्ठ्यावर भिंतीचा बाक काढून कापून घ्या, वरचा भाग जवळजवळ उभा आणि खाली येता येता बाहेर पसरत ओट्यात मिसळणारा. हा पुठ्ठा चारही बाजूंना लावून बघत तासायचं, म्हणजे चारही भिंती सारख्या येतात.

दगड काढताना बहुतेकजण विटांसारख्या सरळ रांगा मारतात आणि तिथेच जपानीपण जातं. कोपऱ्यांवर सान्गी-झुमी पद्धत असते, लांबट दगड एका थराला या भिंतीत लांब आणि त्या भिंतीत आखूड, पुढच्या थराला उलट. एवढं नीट केलंत की कोपरा एकदम खरा वाटतो. मधल्या भागात मात्र दगड लहान-मोठे, वेडेवाकडे, एकमेकांत बसलेले. काडीने अर्धा सेंटीमीटर खोल रेघा मारा आणि मग ब्रशने कडा जरा गोल करा. मधेच एखादा मोठ्ठा दगड ठेवा, खऱ्या किल्ल्यांतही दरवाज्याजवळ असे दाखवायचे दगड असतात. मला हे काम इतकं आवडतं की एका बाजूला तासभर सहज जातो, आणि हात थरथरला तरी काही बिघडत नाही, वाकडा दगड हा दगडच असतो.

पायरी ५: भोवतालचं पाणी

ओट्याच्या कडेने एक उथळ खंदक सपाट करून घ्या आणि त्यात सेइगाइहा काढा. हे जपानी लाटांचं पारंपरिक नक्षीकाम, किमोनोवर, भांड्यांवर, सगळीकडे दिसतं, एकात एक अर्धगोल आणि पुढची रांग मागच्या दोन गोलांच्या मधे. वेगवेगळ्या मापाच्या तीन वाट्या किंवा झाकणं घेऊन अर्धे अर्धे दाबत गेलं की झालं, शाळेतल्या मुलालाही जमतं. आमच्या मुलाचं खातं हेच आहे.

आणि तोरी करायचीच असेल तर आता करा, पण उभी नाही. ओट्याच्या उताराला एक सपाट पाटी तयार करा आणि तिच्यावर उठावात कोरा, भोवतालची वाळू दोन सेंटीमीटर आत घ्या आणि कमान मागच्या वाळूला चिकटलेलीच राहू दे. समोरून बघणाऱ्याला ती उभीच वाटते.

फोटो आणि आवराआवर

भर दुपारी फोटो काढू नका, सगळं सपाट दिसतं. कुजुकुरी पूर्वेकडे तोंड करून आहे त्यामुळे दुपारनंतरचा उतरता प्रकाश जमिनीच्या बाजूने येतो, म्हणून मी किल्ल्याची चांगली बाजू थोडी तिरकी, जमिनीकडे ठेवते, समुद्राकडे नाही. चारच्या सुमाराला छपरांच्या सावल्या लांब होतात, दगडांच्या रेघा उघडतात. तुम्ही कोकणात किंवा गोव्यात करत असाल तर उलट, तिथे सूर्य समुद्रात उतरतो, तेव्हा चांगली बाजू समुद्राकडे.

जाण्याआधी वाळू काढलेला खड्डा बुजवा, अंधारात कुणाचा पाय मुरगळतो. दुसरं म्हणजे मे ते ऑगस्टमध्ये जपानच्या किनाऱ्यांवर समुद्री कासवं अंडी घालायला रात्री वर येतात, आपल्या वेळासला येतात तशीच, आणि खोल खड्ड्यात पडलेल्या कासवाला बाहेर निघता येत नाही. त्या दिवसांत मी ओटासुद्धा पायाने मोडून सपाट करून येते. काड्या, पुठ्ठा, कापलेल्या डब्याचे तुकडे मोजून परत घ्या, बांबूची काडी वाळूत पडली की दिसत नाही आणि दुसऱ्या दिवशी तिथे अनवाणी मुलं पळत असतात.